तीन काठ्या, एक दगड आणि ग्रामसभा

एक सोपा हिशेब करू. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती पडलं? दहा हजार लिटर. एक भरलेला टँकर! आता बीड जिल्ह्याची वार्षिक सरासरी घ्या, ती आहे ६६६ मिलिमीटरच्या आसपास. शिवार धरू हजार हेक्टरांचं. गुणाकार केला की उत्तर येतं ६६६ कोटी लिटर.

आता खर्चाची बाजू. गावात दोन हजार माणसं. जलजीवन मिशनच्या मापानं माणशी रोज ५५ लिटर. वर्षाला लागले चार कोटी लिटर.

आभाळ देतं ६६६ कोटी, माणसांना प्यायला-वापरायला लागतं चार कोटी. पाऊस निम्म्यावर आला तरी ३३३ कोटी उरतात. मग हेच गाव मार्च उजाडला की टँकरची वाट का बघत बसतं?

हा प्रश्न गावातल्या कुणीही विचारावा आणि दहावीच्या गणितावर सोडवावा इतका सरळ आहे. बीड जिल्ह्यातल्या पोरापोरींनी तो सोडवायला घेतला, तेव्हा ज्याला आपण ‘गावचा कारभार’ म्हणून ज्येष्ठांच्या आणि पुढाऱ्यांच्या हवाली करून टाकतो, ते यंत्र आतून कसं दिसतं हेही उघड झालं. ते यंत्र भलतंच विलक्षण आहे. पण आधी पाणी जातं कुठं ते बघू.

बरंचसं पाणी पिकं, गवत आणि झाडं पितात, बरंच ऊन उचलून नेतं. उरलेल्यातलं पुष्कळ उतारावरून धावत सुटतं. बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटची रांग जाते. तिच्या उत्तरेला उतरलेलं पाणी बिंदुसरा, सिंदफणा करत गोदावरीला मिळतं, दक्षिणेकडचं मांजरा नदीत जातं. जमिनीत मुरतं ते थोडंच, आणि गावाची विहीर चालते ती त्या थोडक्यावर.

ते थोडकं कुठं साठतं? पायाखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर वाहत गेला आणि थिजला. भाकरींची चळत डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक भाकरीचा वरचा पापुद्रा सुटलेला, फुगलेला, खालची बाजू घट्ट. लाव्हाच्या प्रत्येक थराचं तसंच झालं. वर वायूचे बुडबुडे अडकून जाळीदार खडक झाला, खाली घट्ट कातळ. पाणी धरतो तो जाळीचा भाग, वरचा मुरूम आणि मधल्या भेगा. कातळाला पाण्याशी देणंघेणं नाही.

या खडकाचा एक परिणाम मला फार अद्भुत वाटतो. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळाच्या मैदानात जमिनीखालचं पाणी दूरदूर पसरलेलं असतं, तिथं एका गावानं मुरवलेलं पाणी नेमकं कुणाच्या विहिरीत गेलं हे कोण सांगणार? आपल्या काळ्या पाषाणात भूजलाचे कप्पे छोटे छोटे असतात. माथ्यावर मुरलेलं पाणी बहुतेक वेळा त्याच पाणलोटात, त्याच उताराच्या पायथ्याशी उगवतं. गावानं मेहनत केली तर फळ बहुतांशी गावालाच मिळतं, आणि आळस केला तर शेजारच्या तालुक्यावर ढकलता येत नाही. ग्रामसभेच्या अधिकाराची हद्द जणू साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच आखून ठेवली होती!

बीड शहराजवळ खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली. भुयारी वाटांनी पाणी तिच्यात येतं आणि तसंच पुढं रानात जातं. तिची कारागिरी आजही चकित करते. पण ती बांधायची की नाही हे तेव्हा एक सरदार ठरवत होता. आज तो निर्णय कुणाचा? उत्तर थोडं पुढं येईल. आधी पाणी थांबवायचं कसं ते.

उतारावर पाणी थांबवायचं तर त्याला आडवा चर खणायचा. हा चर अगदी एका पातळीत हवा. जरा जरी कलता झाला, तर सगळं पाणी एका टोकाला गोळा होतं, चर फुटतो आणि थांबवायला निघालेलं पाणी माती घेऊन आणखी जोरात पळतं. डोंगरावर उभं राहून नजरेनं समपातळी ओळखता येईल का? करून बघा. नजर दर खेपेला फसवते. इंजिनिअरकडे दुर्बीण असते. गावाकडे काय?

तीन काठ्या, एक दोरी, एक दगड. दोन काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, पाय फाकवायचे, मध्ये तिसरी आडवी बांधायची. शेंड्यावरून दगड बांधलेली दोरी सोडायची. झाली ए-फ्रेम. गवंड्याचा ओळंबा दोन पायांवर उभा केला, एवढंच. प्राचीन इजिप्त आणि रोमच्या बांधकामांतही याच जातीचं अवजार होतं.

पण थांबा. काठ्या वाकड्या असतील तर? एक पाय बोटभर आखूड असेल तर? हातानं बांधलेल्या चौकटीवर विश्वास ठेवायचा कसा? यावरची युक्ती अशी की वाचताना माणूस खुर्चीतून उठावा. चौकट कुठंही, अगदी उताराच्या जागेवरही उभी करा. पाय टेकले त्या दोन जागांवर खुणा करा. दोरी आडव्या काठीला जिथं लागते तिथं एक रेघ मारा. आता चौकट उलटी फिरवा. उजवा पाय डाव्याच्या जागी, डावा उजव्याच्या. दोरी दुसरीकडे लागेल, तिथं दुसरी रेघ. या दोन रेघांचा बरोबर मध्य म्हणजे समपातळी. का? कारण जमिनीच्या उतारानं पहिल्या खेपेला दोरी जितकी एका बाजूला ढकलली, तितकीच दुसऱ्या खेपेला दुसऱ्या बाजूला. चूक चुकीला खाते, आणि मधोमध उरतं ते खरं. वाकड्या काठ्यांची चौकट सरळ माप देते. कारखाना नाही, बॅटरी नाही, तज्ज्ञाची सहीसुद्धा नाही.

मग एक पाय रोवायचा, दुसरा वर-खाली सरकवत दोरी मधल्या खुणेवर आणायची, तिथं फक्की टाकायची, पुढचं पाऊल. तासाभरात डोंगराच्या अंगावर एक नागमोडी पांढरी रेघ उमटते. ती कुणीही मनात धरलेल्या जागेवरून जात नाही. आणि हीच गंमत आहे. गावात चर कुठून न्यायचा यावर एरवी कोण जिंकतं? ज्याचा आवाज मोठा, ज्याची भावकी मोठी. दोरीला मात्र कुणाचा चुलता सरपंच आहे हे कळत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीनं धरलेली चौकट सत्तर वर्षांच्या आजोबांना सांगते, ‘आबा, इथून नाही, तिथून.’ आणि आबांनाही दोरी दिसत असते.

एक मीटर रुंद, अर्धा मीटर खोल, दहा मीटर लांब असा चर घ्या. त्यात एका वेळी पाच हजार लिटर पाणी मावतं. पावसाळ्यात तो पाच वेळा भरून मुरला, तर पंचवीस हजार लिटर. असे हजार चर? अडीच कोटी लिटर. सुरुवातीचा आकडा आठवा, सगळ्या गावाचा वर्षाचा वापर चार कोटी.

२०१६ साली अंबाजोगाई तालुक्यात हा प्रयोग गावच्या गावं मैदानात उतरवून झाला. चित्रपटताऱ्यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या पानी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातून तीनच तालुके निवडले होते. विदर्भातून वरूड, पश्चिम महाराष्ट्रातून कोरेगाव आणि मराठवाड्यातून अंबाजोगाई. तिन्ही मिळून ११६ गावं. मुदत ४५ दिवसांची. पाठीवर सलग दुष्काळ, डोक्यावर मराठवाड्याचं एप्रिल-मेचं ऊन. गावातून निवडलेल्या बाया-माणसांना चार दिवसांचं प्रशिक्षण. ती परत आली की गावाला शिकवणार. काम माथा ते पायथा करायचं, आधी डोंगरावरचे चर, मग शेतातले बांध, शेवटी नाल्यातले बंधारे. पहिलं बक्षीस, ५० लाखांचं, कोरेगावच्या वेळू गावानं नेलं. पण २०१७ मध्ये स्पर्धा ३० तालुक्यांत गेली, २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत, आणि बीडमध्ये अंबाजोगाईशेजारचे केज, धारूरही तीत उतरले. यंत्रं द्यायला भारतीय जैन संघटना पुढं आली. शहरांतून तरुण जलमित्र म्हणून १ मेला फावडी घेऊन आले, आणि त्यांच्या तळहातांना पहिल्या तासात फोड आले असणार यावर मी पैज लावायला तयार आहे.

अंबाजोगाईला हे सगळं अगदीच परकं नव्हतं. डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ मध्ये इथंच ‘मानवलोक’ सुरू केलं, आणि पाणलोट, शेतमजूर, एकट्या बायका यांच्यासाठी काम करणाऱ्यांची एक अख्खी पिढी तयार झाली. स्पर्धा येते आणि जाते. अशी माती आधी भिजलेली असली तर बियाणं चटकन रुजतं.

आता तो राहिलेला प्रश्न. सरदार गेला, निर्णय कुणाचा?

आमदार व्हायला वयाची २५ वर्षं लागतात. ग्रामपंचायतीचा सदस्य व्हायला २१. ग्रामसभेचा सदस्य व्हायला? १८ वर्षं पुरी करून मतदार यादीत नाव, बस्स. निवडणूक नाही, अर्ज नाही, शिफारस नाही. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला थेट राज्यघटनेत जागा दिली. देशात इतर ठिकाणी आपण प्रतिनिधी पाठवतो आणि पाच वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडतो. इथं प्रतिनिधी लागत नाही, माणूस स्वतःच सभागृह असतो. बीड जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. म्हणजे हजारावर अशी सभागृहं, आणि मतदार यादीत नाव आलेला खेड्यातला प्रत्येक अठरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी त्यातल्या एकाचा सदस्य.

या सभागृहाची गणपूर्ती किती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती. चौदाशे मतदारांच्या गावात शंभर जण पुरतात. दोन गणेश मंडळांचे कार्यकर्ते एकत्र आले तरी सभा भरते! आणि भरली नाही तर ती तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा घेतली की तिला गणपूर्तीची अट नाही. पहिल्या दिवशी कुणी फिरकू नये अशी मनोमन प्रार्थना करणारे कारभारी का असतात, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

ही सभा ठरवते काय? २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत १९३ देशांनी शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टं मान्य केली. न्यूयॉर्कमधला तो कागद बीडच्या पाटोदा तालुक्यातल्या एखाद्या चावडीवर कसा पोचतो? केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं त्या सतरांचे नऊ विषय केले. जलसमृद्ध गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, स्वच्छ आणि हरित गाव, असे. गावानं आपला विषय निवडायचा आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात त्याची कामं घालायची. पैसा? २०२० ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींसाठी निधीची सोय केली आणि त्यातला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला.

तो पैसा कुठं गेला हे बघायला माहितीचा अधिकार वापरायची गरज पडू नये. ई-ग्रामस्वराज नावाचं सरकारी संकेतस्थळ २०२० पासून सगळ्यांना खुलं आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडलं की आराखडा समोर. रील बघायला लागतो तेवढाच डेटा. आराखड्यात ‘जलसमृद्ध गाव’ आणि प्रत्यक्षात सगळी गटारं नि सिमेंटचे रस्ते, असं काही आढळलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका. ते कागदावर काढून ग्रामसभेत वाचून दाखवा. ए-फ्रेमनं डोंगरावर जे केलं तेच इथं होतं. आवाजाची बाजू उतरते, आकड्याची चढते. तरुणांना कारभारात घ्या, घ्या, असं सगळे म्हणतात, आणि मग त्यांना व्यासपीठावर हार घालतात. मला वाटतं त्यांची खरी जागा मोजपट्टीच्या मागं आहे. ज्याच्याकडे माप असतं त्याला कुणी ‘तू लहान आहेस, गप्प बस’ म्हणू शकत नाही.

इथवर सगळं यंत्र झकास. मग अडतं कुठं? बीडमध्ये ते जिथं अडतं ती जागा कुणी दाखवेपर्यंत दिसत नाही. ती आहे भिंतीवरच्या कॅलेंडरात.

ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून बीडची ओळख आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात. बहुतेक कोयते जोडीनं, म्हणजे नवरा-बायको, आणि त्यांतले कितीतरी विशी-पंचविशीतले. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये. आता सरकारी वर्ष बघा. गावाचा आराखडा बनवण्याची देशव्यापी मोहीम सुरू होते २ ऑक्टोबरला आणि हिवाळाभर चालते. ठरलेल्या ग्रामसभांपैकी एक २६ जानेवारीला. म्हणजे ज्या काळात गावाचं पुढचं वर्ष लिहिलं जातं, नेमक्या त्याच काळात गावाचा सगळ्यात राबता, सगळ्यात तरुण हिस्सा सांगलीच्या नाहीतर बेळगावच्या फडात मोळ्या बांधत असतो. कुणी कट केलेला नाही. दोन कॅलेंडरं एकमेकांकडे न बघता छापली गेली, एवढंच.

आणि आता वॉटर कपचे ते ४५ दिवस पुन्हा पाहा. एप्रिलचा मध्य ते जूनची सुरुवात. कोयता परत आलेला, पेरणी अजून लांब. वर्षातला हा एकच तुकडा, जेव्हा बीडचं गाव पूर्ण गावात असतं! अंबाजोगाईच्या माळांवर पहाटे नि रात्री माणसं लोटली याचं श्रेय चित्रपटतारे, बक्षिसं, गाणी यांना खुशाल द्या. माझं मत विचाराल तर निम्मं श्रेय त्या तारखांचं.

ऊस या गोष्टीत आणखी एका दारानं येतो. उसाला लागवडीपासून तोडणीपर्यंत, पावसाचं धरून, साधारण २००० मिलिमीटर पाणी लागतं असं मानू. हेक्टरी दोन कोटी लिटर झाले. म्हणजे अवघा पाच एकर ऊस त्या दोन हजार माणसांच्या अख्ख्या गावाइतकं पाणी पितो. हजार चर खणून मुरवलेलं पाणी तीन-सव्वातीन एकर उसात संपतं. जो दुसऱ्याचा ऊस तोडायला गाव सोडतो, त्याच्या गावातलं मुरवलेलं पाणी कुणाच्या तरी बोअरमधून उसालाच जावं, याला काय म्हणायचं?

पाणी अडवणं हा सोपा अर्धा भाग, त्यात सगळे मित्र असतात. वाटणं आलं की चेहरे बदलतात. पण हेही झालेलं आहे, आणि बीडच्या आष्टी तालुक्याला लागून असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातच. हिवरे बाजार या गावाचा पाऊस बीडच्या सरासरीहून बराच कमी. ३५ वर्षांहून अधिक काळापूर्वी तिथल्या तरुणांनी एम. कॉम. झालेल्या, क्रिकेट खेळणाऱ्या पोपटराव पवारांना सरपंच व्हायला भरीस घातलं. पुढं ग्रामसभेनं शेतीसाठी बोअर बंद केल्या, ऊस आणि केळी नको म्हटलं. दर वर्षी पावसाळा संपला की गाव पाणी मोजतं आणि त्यावरून रब्बीत काय घ्यायचं, किती घ्यायचं ते सभेत ठरतं. बंदी घालायला पोलीस लागले नाहीत. सगळ्यांना एकच आकडा दिसत होता. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरानं महापालिकेचं अंदाजपत्रक नागरिकांच्या सभांत ठरवायला सुरुवात केली आणि जगभर त्याचे अभ्यास झाले. दोन्हीकडे कळ एकच होती. आधी आकडे उघडे करा, मग वाद घाला.

एक गोष्ट मात्र कुठल्याच मापात नीट बसत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळजवळ ४४ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. ग्रामसभेचं दार ज्या वयाला उघडतं, त्याच्या आधीच अशी मुलगी गाव सोडून गेलेली असते. शाळेत पाण्याचा ताळेबंद शिकली एका शिवाराचा, मतदार यादीत नाव आलं दुसऱ्या शिवारात, जिथं ती नवी सून आहे आणि सभेत बोलण्याआधी घरात विचारायचं असतं. यावर दोन कळा आहेत. महाराष्ट्रात खेड्यासाठी बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच (२०२४ पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), तोच जो ग्रामसभेचं इतिवृत्त लिहितो. आणि अठराखालच्यांसाठी बालसभा घ्यायची, तिथं निघालेले विषय ग्रामसभेपुढं ठेवायचे, ही आता आराखड्याच्या प्रक्रियेचाच भाग आहे. चौदा वर्षांची मुलगी तिथं ‘आमच्या वर्गातल्या दोघी दिवाळीनंतर आल्याच नाहीत’ असं म्हणू शकते. हे वाक्य ऐकायला ग्रामसेवक हजर असेल, तर ते नुसतं वाक्य राहत नाही.

आणि कॅलेंडर? ते बदलायला दिल्लीला जावं लागत नाही. वर्षाला चार ग्रामसभा ही कायद्यानं सांगितलेली किमान संख्या आहे, जास्त घ्यायला अडवलंय कुणी? ठरलेल्या सभांमधली एक १ मेला असतेच. कोयते घरी आलेले असतात. विहिरी तळाला गेलेल्या असतात, त्यामुळे पाण्याचं खरं माप त्याच महिन्यात मिळतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणासुद्धा आपल्या निरीक्षण विहिरी मे महिन्यात आवर्जून मोजते. त्या दिवशी ताळेबंद वाचला, किती चर, किती ऊस, किती बोअर यावर भांडण झालं आणि ठराव इतिवृत्तात उतरला, तर ऑक्टोबरमध्ये आराखडा लिहायला बसलेल्यांच्या टेबलावर तो कागद असतो. ज्यांनी तो मांडला ती पोरं तेव्हा शेकडो किलोमीटरवर फडात असली, तरी.